नाक दाबून गुणगुणता येतं का?

ओठ मिटा आणि 'म्‌ऽऽऽ' असा आवाज काढा. थांबू नका. आता दोन बोटांनी नाक घट्ट दाबा.

(नाक दाबून दाखवणे)

थांबला ना आवाज? आवाज घशात होतो, पण ओठ मिटलेले असले की हवेला बाहेर पडायला नाकाशिवाय वाट नाही. गुणगुणलं किंवा स्तोत्र म्हटलं की शरीरात काय होतं, हा आजचा विषय, आणि त्यातला निम्मा या नाकातच आहे.

'मला सायनस आहे' असं लोक सांगतात. अहो, सगळ्यांनाच असतो! सायनस म्हणजे कपाळ आणि गालांच्या हाडांतल्या पोकळ्या. तिथे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. रक्तवाहिन्या सैल करणारा हाच तो वायू. त्यावरच्या कामाला 1998 चं नोबेल मिळालं. साध्या श्वासात तो नाकात थोडाच उतरतो. 2002 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी लोकांना गुणगुणायला लावून मोजलं, तर नाकातून येणारा हा वायू शांत उच्छ्वासापेक्षा 15 पट भरला. आवाजाच्या कंपनाने हवा पोकळ्यांच्या बारीक तोंडांतून आतबाहेर हलते, म्हणून.

पण ती तोंडंच बंद असतील तर ही वाढ दिसत नाही. म्हणजे सर्दीने नाक चोंदलंय आणि भ्रामरी, म्हणजे गुणगुणण्याचा प्राणायाम, करून मोकळं होईल, या भरवशावर बसू नका.

आता स्तोत्रं, जप. इथे तोंड उघडं असतं, त्यामुळे नाकाचा हिशेब मागे पडतो. इथे कामाला येतो तो लांबलेला उच्छ्वास.

(मनगटावर बोटं ठेवून)

नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या, सोडा. घेताना ठोके जरा भरभर, सोडताना संथ. ओळ म्हणताना आपण श्वास सोडतच असतो, आणि ओळ संपेपर्यंत पुढचा घेता येत नाही. लुचियानो बेर्नार्दी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 23 जणांवर हे तपासलं. एकदा लॅटिनमधली 'आवे मारिया', म्हणजे रोझरी या ख्रिस्ती जपमाळेतली प्रार्थना, आणि एकदा 'ॐ मणिपद्मे ॐ' हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला जवळजवळ 6 वर आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर झाली. गोव्यात संध्याकाळी तेर्स, म्हणजे हीच रोझरी, म्हणतात आणि आपल्याकडे दिवेलागणीला रामरक्षा. फुप्फुसांना दोन्ही सारखीच.

म्हणून 'अमुक मंत्राने पेशी जाग्या होतात' हे फॉरवर्ड मी वाचतही नाही. तेवीस जणांचा अभ्यास तसा लहानच, आणि त्याच्या जिवावर बीपीची गोळी तर मुळीच बंद करायची नाही.

एक मात्र खरं, वेग मारला की सगळं गेलं. लहानपणी मी रामरक्षा सुसाट म्हणायचो, तर आजी विचारायची, 'गाडी सुटत्येय का रे?' मनातल्या मनात म्हणण्याचंही तेच. तिथे ओळ श्वासाला बांधून ठेवत नाही.

घरी करून बघा. मोबाइलवर मिनिटभराचा गजर लावा आणि आधी गप्प बसून श्वास मोजा. बसल्या बसल्या मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 होतात. मग तुमचं नेहमीचं स्तोत्र, अभंग, काय असेल ते म्हणत मोजा. आकडा कमेंटमध्ये टाका. माझा 7 आला, तोही दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला गाडी सुटत होती.