डोकं उघडं, माणूस जागा आणि गालात खर्रा

मंडळी, माणसाला जागं ठेवून मेंदूतली गाठ काढायची, हा विषय फळ्यावर लागल्यापासून एकच प्रश्न कानावर येतोय : माणूस जागा, डोकं उघडं, मग दुखत नाही का? मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. अंगात कुठं काय दुखलं ते तोच ओळखतो, पण त्याच्यावर चिमटा टेकला तर त्याला पत्ता नसतो. दुखते ती डोक्याची कातडी, कवटीवरचा पापुद्रा आणि मेंदूभोवतीचा जाड पडदा. कातडीकडं जाणाऱ्या नसा भुवईपासून कानामागून मानेपर्यंत पसरलेल्या असतात. त्यांच्यापाशी आम्ही भूल देणारे डॉक्टर बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधांची इंजेक्शनं देतो. दाढ काढताना हिरडी बधिर करतात, तोच हा प्रकार. पडद्याला सर्जन वेगळी भूल देतात.

मग जागं कशाला ठेवायचं? बोलण्याच्या जागेला लागून गाठ असते म्हणून. १८६१ साली पॅरिसच्या पॉल ब्रोकांनी एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू पाहिला. त्या माणसाला ‘टॅन’ एवढंच बोलता येत होतं, आणि इजा डाव्या बाजूला पुढं होती. पण ही जागा प्रत्येकाची थोडी इकडंतिकडं असते. म्हणून सर्जन मेंदूवर हलका करंट लावतात आणि रुग्णाला चित्रं दाखवतात. करंट लावताच जिथं बोलणं अडकतं, ती जागा सोडायची. मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफील्ड यांनी ही पद्धत नावारूपाला आणली.

चित्रं आपल्याकडची लागतात. ज्याचा जन्म शेतात गेला त्याच्यापुढं पियानो धरला आणि तो गप्प बसला, तर करंटनं गप्प झाला की चित्रच ओळखीचं नाही, हे कसं कळणार? त्यापेक्षा वखर, बैलबंडी, पऱ्हाटी दाखवा. आदल्या दिवशी सगळी चित्रं दाखवून अडलेली बाजूला काढायची. मेळघाटातला माणूस असेल तर त्याच्या कोरकू भाषेतूनही तपासायचं, कारण दोन भाषांच्या जागा तंतोतंत एक नसतात. नुसतं मराठीत तपासलं आणि घरी गेल्यावर आईशी बोलताना अडला, तर काय उपयोग!

आता माझं काम. भूल देणारा डॉक्टर इथं माणसाला पुरता झोपवत नाही. डेक्समेडेटोमिडिनसारख्या औषधानं गुंगी येते, हाक मारली की तो जागा होतो आणि श्वास बहुतेक शाबूत राहतो, नाडी मात्र मंदावते. प्रोपोफॉल थोडं जास्त झालं तर श्वासच थांबू शकतो. एरवी अशा वेळी मान मागं करून तोंडातून नळी टाकतो. इथं डोकं तीन खिळ्यांच्या चापात पक्कं बसवलेलं, माणूस कुशीवर, वर कापड. मान हलवायची सोय नाही. हाताशी उरतं ते तोंड, आणि ते उघडलं तरच घशात बसवायचा श्वासाचा मास्क आत बसणार.

म्हणून मी रुग्णाला पहिल्याच भेटीत म्हणतो, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. आपल्याकडं दोनही न जाणारे कमी नाहीत. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा खर्रा मात्र चौकात पन्नीत घोटून मिळतोच. त्यातल्या सुपारीनं गालाचं अस्तर कडक होतं, आत दोऱ्यांसारखे पट्टे धरतात. आधी तिखट झोंबायला लागतं, पुढं घास मोठा घेता येत नाही. विचारलं तर भाऊ म्हणतात, “मले कायबी तरास नाई.” खरं काय ते मागं उभी असलेली घरवाली सांगते, आणि मी तिच्यावरच विश्वास ठेवतो. खर्रा सोडला की बिघाड वाढायचा थांबू शकतो, पण आवळलेलं तोंड आपोआप पुन्हा मोकळं होत नाही. अशा माणसाला गुंगी द्यायची ती अगदी बेतानं. कधी बेत बदलावाच लागतो. जागेपणीच नाकातून दुर्बिणीनं नळी घालायची आणि मग पूर्ण भूल. पण नळी घातलेला, झोपलेला माणूस बोलणार कसा? मग सर्जनला बोलण्याच्या जागेपासून लांबच थांबावं लागू शकतं आणि गाठ जास्त उरते. खर्ऱ्याची किंमत अशीही मोजावी लागते, हे कॅन्सरच्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

बिडीवाल्यांचं वेगळं. ऐन वेळी खोकला आला की डोक्यातला दाब वाढून मेंदू वर फुगतो. तलफेनं माणूस चुळबुळ करतो ते निराळंच.

करंटनं फिट आली तर सर्जन मेंदूवर बर्फासारखं गार सलाईन ओततात, बहुतेक वेळा ती थांबते. तहान लागली तर ओल्या कापडानं ओठ भिजवतो. लघवीची नळी आधीच घातलेली असते. एकजण सतत हात धरून बसलेला हवा, आणि बोलायचं ते रुग्णाच्या बोलीत.

घरी आल्यावर बोलणं काही दिवस अडखळू शकतं. ते बऱ्याचदा हळूहळू सुधारतं, त्यासाठी भगताकडं पळू नका. अडखळणं नव्यानं वाढत असेल, झोप अनावर होत असेल, ताप किंवा उलट्या असतील तर मात्र थेट दवाखान्यात या. आणि फिटच्या गोळ्या, बरं वाटतंय म्हणून किंवा पेरणीच्या घाईत, एक दिवसही चुकवू नका.