खसखस, चेक आणि जेबेल अली : दुबईच्या बाजारात उतरण्याआधी

[दृश्य : न्हावा शेवा बंदर, पहाटे. कंटेनर चढवणारी क्रेन.]

काळ्या मसाल्याचं 100 ग्रॅमचं एक पाकीट. सोलापूर किंवा कोल्हापूरकडच्या एखाद्या कारखान्यात तयार झालेलं. ते संयुक्त अरब अमिरातीतल्या दुकानाच्या फळीवर पोचायचं, तर वाटेत कोण कोण त्याला अडवू शकतं?

परदेशी बाजार जोखायला बरेच जण आधी क्रमवारी उघडतात. कुठल्या देशात व्यवसाय करणं किती सोपं, याची क्रमवारी लावणारा जागतिक बँकेचा ‘डुइंग बिझनेस’ अहवाल यासाठी वर्षानुवर्षं वापरला गेला. आकडेवारीतल्या गैरप्रकारांमुळे बँकेने सप्टेंबर 2021 मध्ये तो कायमचा बंद केला. तसंही, देश कितव्या क्रमांकावर आहे यावरून आपलं पाकीट पास होईल का, हे कळत नाही. त्यासाठी पाकिटामागेच चालत जावं लागतं.

[दृश्य : परातीत मसाल्याचे घटक. कॅमेरा खसखशीवर थांबतो.]

पहिला अडथळा परातीतच आहे. आपल्या कितीतरी घरगुती मसाल्यांत खसखस असते, आणि अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. ती अमली पदार्थांच्या नियमांत मोडते. नुसता माल परत येण्यावर हे भागत नाही, फौजदारी प्रकरण होऊ शकतं. म्हणून बाजार किती मोठा, नफा किती, हे प्रश्न नंतरचे. आधी घटकांची यादी घ्या आणि एकेक नाव तिथल्या नियमांशी ताडून पाहा.

मग एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाची वर्गवारी करणारा जगभर चालणारा क्रमांक. मसाल्यांचं मिश्रण सहसा 0910 या शीर्षकात बसतं. पण कांदा-लसूण मसाल्यात मीठ, तेल, सुका कांदा वाढत गेला, तर तो 2103 मध्ये, म्हणजे तयार चवद्रव्यांत जाऊ शकतो. कोड बदलला की शुल्क बदलतं आणि व्यापार करारातली सवलतही. आखाती देशांचं सर्वसाधारण सीमाशुल्क 5 टक्के, तेही मालाची किंमत, विमा आणि भाडं धरून. भारत-अमिराती व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे. त्यातली सवलत हवी तर मूळ देशाचा दाखला लागतो. तुमची लवंग आणि जायफळ बाहेरून आलेलं असेल, तर मिश्रण करारापुरतं ‘भारतीय’ ठरतं का, हे त्या कोडच्या नियमात वाचूनच ठरवा.

[दृश्य : पाकिटाची मागची बाजू, अगदी जवळून.]

लेबलवर अरबी मजकूर हवा : नाव, घटक, वजन, मूळ देश. त्यासाठी स्टिकर चालतं. तारखांना मात्र चालत नाही. उत्पादनाची आणि मुदत संपण्याची, दोन्ही तारखा मूळ पाकिटावरच छापलेल्या लागतात. ‘पॅकिंगपासून 9 महिने’ असं लिहून सुटका नाही. दुबईत माल विकण्याआधी तिथल्या नगरपालिकेकडे उत्पादनाची नोंदणीही करावी लागते.

[दृश्य : दुबईच्या देरा भागातली घाऊक बाजारपेठ.]

आता पैशाकडे. इथे सगळ्यात मोठा धोका जुन्या ऐकीव माहितीचा.

‘तिथे कंपनी काढायला 51 टक्के हिश्शाचा स्थानिक भागीदार लागतोच’, असं अजूनही सांगितलं जातं. बहुतेक व्यवसायांसाठी ही अट जून 2021 पासून राहिलेली नाही. ‘चेक वटला नाही की समोरचा तुरुंगात’, हेही जुनं. जानेवारी 2022 पासून नुसती खात्यात शिल्लक नसणं हा गुन्हा राहिला नाही. फसवणूक असेल तर गोष्ट वेगळी. चेकवरून थेट वसुलीची कारवाई सोपी झाली, हे खरं. पण तुरुंगाची भीती हाच आपला विमा समजून 90 दिवसांची उधारी देऊ नका. त्यासाठी ईसीजीसी या भारत सरकारच्या निर्यात-पतविमा कंपनीचा विमा आहे, तो माल चढण्याआधी घ्या.

उधारीचं गणित कागदावर मांडा. समजा उत्पादनाला 15 दिवस, जहाज आणि दुबईच्या जेबेल अली बंदराला 15, वितरकाची उधारी 90. झाले 120 दिवस. महिन्याला 10 लाखांचा माल पाठवत असाल, तर 40 लाख कायम अडकलेले. अनेक चांगली उत्पादनं बाजारात चालूनही मरतात ती इथेच. शिवाय मोठी सुपरमार्केटं फळीवर जागा देण्याचे वेगळे पैसे घेतात. हे वितरकाला पहिल्याच भेटीत विचारा.

वितरकाशी करार करताना ‘नोंदणीकृत व्यापारी एजन्सी’ या शब्दांवर थांबा. अशी नोंद झालेला एजंट तुमचा दुसऱ्या मार्गाने येणारा माल सीमाशुल्कावर अडवू शकतो. पूर्वी त्याला काढणं जवळजवळ अशक्य होतं. 2023 मध्ये लागू झालेल्या कायद्याने मुदत संपल्यावर करार संपवता येतो, म्हणून मुदत स्पष्ट आणि छोटी ठेवा. वाद झाला तर कुठलं न्यायालय, हेही लिहा. अमिरातीतल्या सर्वसाधारण न्यायालयांचं काम प्रामुख्याने अरबीत चालतं, दुबईच्या वित्तीय केंद्रातल्या न्यायालयाचं इंग्रजीत.

करांत एक आकडा दोनदा भेटतो आणि घोळ घालतो : 3,75,000 दिरहम. तिथल्या कंपनीची वार्षिक करपात्र विक्री त्याच्या पुढे गेली की 5 टक्के व्हॅटची नोंदणी. नफा त्याच्या पुढे गेला की वरच्या नफ्यावर 9 टक्के कंपनी कर. फ्री झोन म्हणजे वेगळे नियम असलेलं खास व्यापारी क्षेत्र; तिथली करसवलत अटींसह मिळते. आणि तिथली कंपनी वेगळ्या परवान्याशिवाय शहरात दुकान थाटू शकत नाही. दिरहम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, म्हणजे चढ-उताराची जोखीम रुपया आणि डॉलर यांच्यातली.

[दृश्य : दुबईच्या करामा भागातलं किराणा दुकान, संध्याकाळ.]

हे सगळं तपासून झालं की तिकीट काढा. मसाल्याच्या फळीसमोर उभे राहा. प्रत्येक पाकिटाचं वजन, किंमत आणि उरलेली मुदत वहीत लिहा. मग पाकीट उलटं करा. अरबी स्टिकरवर बहुधा आयातदाराचं नाव असतं. चार-पाच दुकानांत जे नाव पुन्हा पुन्हा दिसेल, पहिली भेट त्याची मागा.