६६ टोकांचं हरीण आणि हाका घालणारी माणसं

हा तांब्याचा पत्रा, यावरून शिकारीचं चित्र कागदावर छापायचंय. वर मेणाचा काळपट थर, आणि त्यावर सुई चाललीय. सुई तांबं कापत नाही हां, ती फक्त मेण खरवडते, कापायचं काम ॲसिडचं. उघड्या रेषा ॲसिड खात जातं, जितका जास्त वेळ तितकी रेष गडद, म्हणून लांबची झाडं आधी झाकून टाकायची आणि पुढच्या घोड्याला अजून थोडं खाऊ द्यायचं. मग शाई भरायची, वरवरची पुसायची, ओलसर कागद ठेवून रोलरखाली दाबायचं. छाप निघते उलटी, त्यामुळे चित्राखालचा मजकूर, त्यातलं शिकार करणाऱ्या राजाचं नाव, एकेक अक्षर पत्र्यावर उलटं कोरायचं!

अठराव्या शतकात जर्मनीतल्या ऑग्सबुर्गमध्ये योहान एलियास रिडिंगर हेच करायचा. १७२९ मध्ये त्याने राजेरजवाड्यांच्या शिकारीवर अख्खी मालिकाच काढली.

आता हे त्याचं हरीण. शिंगांना ६६ टोकं. ते मारलं १६९६ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या फ्रेडरिकने, जो पुढे प्रशियाचा राजा झाला. आणि रिडिंगरचा जन्म १६९८ चा, म्हणजे याने ते जिवंत बघितलेलंच नाही. मला तर हे जनावराचं चित्र कमी आणि राजाच्या नावाची पावती जास्त वाटते.

जरा कडेला बघा, झाडांत कापडाची भिंत दिसेल. जंगलाला असा वेढा घालायचा, आतली जनावरं हाकत मांडवासमोर आणायची, राजेसाहेब बसल्या जागेवरून बार काढणार. जनावर निसटलंच तर ते ‘चिंध्यांमधून गेलं’, आणि काही हातचं सुटलं की जर्मन लोक आजही असंच म्हणतात.

पण हाका कोण घालायचं? आसपासचे शेतकरी, वेठीला धरलेले, ऐन कापणीतसुद्धा. रानडुकरांनी शेत उकरलं तरी मारायची सोय नाही, कारण डुक्करही राजाचं. ऑग्सबुर्गच्याच श्वाबिया भागात, मेमिंगेनमध्ये, १५२५ साली शेतकऱ्यांनी बारा मागण्या लिहून काढल्या होत्या, त्यातली चौथी शिकारीच्या हक्काची. तो उठाव चिरडला गेला.

राजेलोकांचे हे हक्क गेले ते थेट १८४८ च्या क्रांतीत. त्याचं चित्र आमच्याकडे नाही, म्हणून ड्रेस्डेनजवळच्या मोरिट्झबुर्ग महालातच जाऊ. ती ६६ टोकांची शिंगं अजून तिथे भिंतीवर आहेत.