आपल्या सातबाऱ्यातली पाखरं

(पक्षी सप्ताहात गुहागर तालुक्यातल्या एका ग्रामवाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. आपल्या कोकणात हा आठवडा एका नेमक्या वेळी येतो. भात कापून झालेलं असतं, पायवाटा सुकलेल्या असतात आणि लाकडाचे ठेकेदार वाडीवाडीतून फिरायला लागलेले असतात. मी आज मुख्यतः त्यासाठीच आलो आहे. पाखरांच्या गोष्टी सांगेनच, त्या सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पण तुमच्याकडे काही मागायलाही आलोय, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या घरी पाखरांचं बोलणं माणसांच्या बोलण्यात मिसळलेलं असायचं. पावशा ओरडू लागला की आजी कणगीतलं बियाणं काढून बघायची. सकाळी भारद्वाज दिसला तर तिचा दिवस चांगला जायचा. परसातल्या दयाळानं शीळ घातली की ती आजोबांना म्हणायची, ‘उठा, तो उठलाय.’ पाखरांना नावं असतात, त्यांची घरं असतात, ती ठरल्या वेळी येतात आणि जातात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. दुर्बीण फार नंतर आली. आजही एखादा पक्षी दिसला की तो राहतो कुठे, कुणाच्या जमिनीत, हाच प्रश्न मला आधी पडतो.

कोकणात तो प्रश्न महत्त्वाचा आहे. राज्यात इतरत्र जंगल म्हटलं की वनखातं डोळ्यांसमोर येतं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतंच आहे. डोंगरउतारावर दिसणारी जवळजवळ सगळी हिरवाई कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर आहे. त्या सातबाऱ्यावर कधी वीस-पंचवीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईला, आणि रान तोडायला द्यायचं की नाही हे फोनवर ठरतं. फोनवर बोलणाऱ्याला त्या रानात काय आहे हे आठवतही नसतं. आपल्याकडचे पक्षी टिकणार की नाही, हे अशा एखाद्या फोनवर ठरतं.

आता धनेशाबद्दल बोलतो. आपल्या किनाऱ्यालगत जो नेहमी दिसतो तो मलबारी कवड्या धनेश. काळा-पांढरा, मोठी पिवळसर चोच आणि चोचीवर शिंगासारखा उंचवटा. त्याहून मोठा महाधनेश. तो उडताना दिसायच्या आधी त्याच्या पंखांचा घोंगावणारा आवाज ऐकू येतो. सिंधुदुर्गात त्याला गरुड म्हणतात. धनेशाची चोच एवढी दांडगी, पण तिनं त्याला झाडात घर कोरता येत नाही. ते काम सुतारपक्ष्याचं. धनेशाला आयती ढोली लागते, आणि त्याचं अंग मावेल एवढी ढोली पडायला झाड जुनं आणि जाड व्हावं लागतं. कुठलीतरी फांदी मोडते, तिथे पाणी मुरतं, बुरशी धरते, गाभा कुजत जातो. या सगळ्याला कित्येक दशकं लागतात. जुने रायवळ आंबे, बेहडे, सातवीण अशा झाडांत ही घरं तयार होतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर मादी ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. विष्ठा, फळांचा चोथा, चिखल असं काही वापरून ती एक चीर तेवढी ठेवते. मग अडीच-तीन महिने ती आतच. तिथे तिची पिसं झडतात आणि नवी येतात, तिथेच अंडी आणि तिथेच पिल्लं. या काळात नर तिला आणि पिल्लांना खाऊ घालतो. गळ्याच्या पिशवीत फळं भरून आणतो आणि त्या चिरेतून एकेक फळ तिच्या चोचीत देतो. मी तासन्‌तास बसून हे पाहिलंय. त्याची घाई, त्याची सावधगिरी, येण्याआधी लांबच्या झाडावर थांबून सगळीकडे नजर टाकणं, आणि माणूस दिसला की फळं गळ्यात तशीच ठेवून निघून जाणं. नराचं काही बरंवाईट झालं तर आतल्या सगळ्यांचंच कठीण होतं.

ही फळं कुठून येतात? वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक ही त्याची मुख्य झाडं. ही सगळी एकाच वेळी फळत नाहीत. एक वड आज फळला तर दुसरा दोन महिन्यांनी, त्यामुळे रानात कुठे ना कुठे वर्षभर खाणं असतं. आणि काजरा! तुमच्या-माझ्या दृष्टीनं हे विषारी झाड, गुरांनाही त्याचा पाला आपण घालत नाही. कवड्या धनेश काजऱ्याची नारिंगी फळं आवडीनं खातो. ठेकेदाराला काजऱ्याची फार किंमत नसते आणि मालकाला त्याचं प्रेम नसतं, म्हणून तो सगळ्यात आधी जातो.

ढोलीखाली पावसात जाऊन बघा. टाकलेल्या बियांतून रोपांची दाटी झालेली असते. ज्या झाडांच्या बिया मोठ्या आहेत, त्या लांबवर नेऊन टाकणारे आपल्याकडे फार थोडे उरलेत. धनेश गेला तर ती झाडं आपल्याच सावलीत बी टाकत राहतील.

आता हिशोबाचं बोलू. रान तोडायला दिलं की पैसे लाकडाच्या वजनावर येतात. पोकळ झाडाची फळी निघत नाही. ते भट्टीला जातं, अगदी मातीमोल भावानं. म्हणजे धनेशाच्या दृष्टीनं जे झाड सगळ्यात मोलाचं, ते तुमच्या व्यवहारात सगळ्यात स्वस्त असतं. माझी मागणी यावरच उभी आहे. रान देऊच नका, असं म्हणायचा मला अधिकार नाही. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाच्या मुलीचं शिक्षण असतं. पण देताना कागदावर लिहून द्या की ढोलीची झाडं वगळून, वड-उंबर-नांद्रुक वगळून, काजरा वगळून. आंबा-फणस आपण वगळतोच ना? त्याच ओळीत आणखी चार नावं घालायची.

सावंतवाडीच्या बाजूला एका म्हाताऱ्या बागायतदारांनी असं झाड राखलंय. त्यांच्या आज्याच्या वेळेपासून त्या ढोलीत गरुड येतात. व्यापारी दोनदा येऊन गेला. मी त्यांना विचारलं, तुम्ही का नाही दिलं? ते म्हणाले, ‘ती आमचीच माणसा. तेंका मी खंय धाडू?’ यापलीकडे त्यांनी काही सांगितलं नाही, आणि मलाही पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

तिबोटी खंड्या तुम्ही पाहिला असेल, कदाचित घरातच. मृगाचा पाऊस सुरू झाला की हा एवढासा, जांभळा-नारिंगी पक्षी कोकणात येतो. रायगडचा तो जिल्हा पक्षी आहे. येतानाचा प्रवास रात्रीचा, आणि आपली नवी घरं काचांची. सकाळी पडवीत तो पडलेला सापडतो. असा सापडला तर त्याच्या तोंडात पाणी घालू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी फडकं घाला, त्यात ठेवून खोकं बंद करा आणि शांत जागी तास-दीड तास राहू द्या. पुष्कळदा तो नुसता भोवंडलेला असतो. मग बाहेर नेऊन झाकण उघडायचं. जून महिन्यात मोठ्या काचांवर बाहेरून जुनं मच्छीचं जाळं टांगलं तरी बरेच जीव वाचतात, आणि जाळं आपल्याकडे कुणाच्या घरी नाही?

त्याचं घर मातीत असतं. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाची उभी दरड, पाखाडीच्या कडेची मातीची भिंत, कधी आडरानातल्या रस्त्यासाठी कापलेली कड. नर-मादी दोघं मिळून आडवं बीळ खोदतात. आत पिल्लं वाढतात ती सापसुरळ्या, पाली, बेडूक, कोळी खाऊन. जून ते सप्टेंबर एवढाच त्याचा संसार. नेमकं तेव्हाच कुणीतरी जेसीबी आणतो, पऱ्या ‘साफ’ करतो किंवा दरडीला चिऱ्यांचा बांध घालतो. पावसाळ्यापूर्वी घाला, दिवाळीनंतर घाला, आणि जमलं तर चार हात दरड उघडी ठेवा.

इथे छायाचित्रकार मित्रांनाही सांगायचंय, कारण समोर काही जण बसलेले दिसतायत. बिळासमोर दहा-दहा जण रांगेत उभे राहिले की पालक तोंडात सापसुरळी धरून तासभर फांदीवर बसून राहतात आणि आत पिल्लं उपाशी असतात. असं छायाचित्र कितीही सुंदर आलं तरी मला ते बघवत नाही. घरट्याची जागा समूहांवर टाकू नका. कुणी विचारलं तर तालुका सांगा, वाडी सांगू नका.

सलीम अली १९३० मध्ये नोकरी नसताना अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. तिच्यापुढे बसून त्यांनी बघितलं की घरटं नर विणतो, तेही अर्धवट. मादी येते, पारखते, पसंत पडलं तर घर धरते. मग नर ते पुरं करतो आणि दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरणीच्या संसाराचं हे गूढ असं आपल्या किनाऱ्यावरच्या एका खेड्यात, घराच्या आसपास बसून उलगडलं. आपल्या मुलांनी परसात तासभर बसायला शिकावं असं मला फार वाटतं, म्हणून हे सांगितलं.

गिधाडांचं दुःख वेगळं. ती कुणी मारली नाहीत. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक दिलं जायचं. असं गुरू मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे कारण २००४ मध्ये जगासमोर आलं, २००६ मध्ये भारतात गुरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्याण्णवांहून जास्त संपली होती. माणसांच्या औषधाच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या कुप्यांवरही बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक ही दुखण्यावरची आणखी दोन औषधंही गुरांसाठी बंद झाली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे भरपाई फार सावकाश होते. तरी रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावात गिधाडं टिकून आहेत, गावानं राखलेल्या रानात. महाडच्या सिस्केप संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी तिथे वर्षानुवर्षं मेहनत घेतली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं त्याच पट्ट्यातली, गिधाडांना घरट्यासाठी लागणारी किती उंच झाडं आडवी केली, हे श्रीवर्धन-दिवेआगरच्या माणसांना सांगायला नको. उंच झाड पुन्हा उभं राहायला आपल्याला एक जन्म पुरत नाही. तुमच्या गोठ्यात डॉक्टर आले की विचारा, दुखण्यावर मेलोक्सिकॅम चालेल का? गिधाडांना ते बाधत नाही.

किनाऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात वाळूवर बसणाऱ्या कुरवांपैकी काही लडाखच्या सरोवरांवरून आलेले असतात. इतक्या लांबून आलेल्या थव्यात गाडी घालून उडवणं आणि त्याची चित्रफीत करणं हे आता सर्रास चाललंय. प्रत्येक वेळी उडताना त्यांची शक्ती खर्च होते, आणि परतीच्या वाटेला तीच लागते. शेव-फरसाणही घालू नका. किनारा तुमचा आहे, पर्यटकाला थांबवण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि गाव एकत्र उभं राहिलं की तो ऐकतो. वेंगुर्ल्याच्या खडकांवर गुहेत पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात. खाण्यासाठी त्या घरट्यांची चोरी व्हायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ते उजेडात आणलं आणि वनखात्याला सोबत घेऊन पहारा बसवला. लोकांनी मनावर घेतलं म्हणून हे झालं.

आता माझं मागणं. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. तुमच्या जमिनीत, शेजाऱ्याच्या जमिनीत, देवराईत, कुठेही धनेशाची ढोली माहीत असेल तर झाड कोणतं आणि मालक कोण, एवढंच लिहा. वही माझ्याकडेच राहील, जागा कुठेही छापली जाणार नाही. मालक मुंबईला असतील तर त्यांचा फोन मला द्या, मी बोलेन. सामायिक जमीन असेल तर सगळ्यांशी बोलेन. तोड सुरू व्हायच्या आत त्या झाडांना चुन्याचा पट्टा मारून घ्यायचा आहे, म्हणजे कुऱ्हाडवाल्याला आणि करवतवाल्याला लांबून कळेल. रविवारी सकाळी सात वाजता ग्रामदेवतेच्या देवळापाशी जमू. चुना मी आणतो, कोयते तुम्ही आणा. देवराईतल्या झाडांपासून सुरुवात करू, कारण तिथे आधी गुरवांना विचारायचं आहे आणि ते आज इथे बसलेले आहेत.