दुसऱ्यांदा विचारायचं कुणाला?

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘खेड्यांत इंटरनेट : पोहोच आणि कौशल्यं’. पोहोचीकडे येतोच. आधी कौशल्यांबद्दल बोलू द्या, कारण तो राग माझ्या मनात फार दिवस साचलाय.

प्रशिक्षण शिबिरं तुम्ही पाहिली आहेत. दुपारपर्यंत पडद्यावर ‘ब्राउझर म्हणजे काय’ चालतं. समोरच्या आजींना विचारायचं असतं एवढंच, की व्हिडिओ कॉलवर मुलाचा आवाज येतो, तर चेहरा का दिसत नाही? त्या धीर करून विचारतात. प्रशिक्षक त्यांचा मोबाइल घेतो, चार ठिकाणी बोट लावतो आणि ‘झालं, आजी’ म्हणून परत देतो. चेहरा दिसला, पण आजींना काय आलं? माझं म्हणणं साधं आहे : शिकवणाऱ्यानं हात मागे बांधून उभं राहावं. बोट शिकणाऱ्याचंच हवं, चुकलं तरी. हसताय, पण करून बघा. पहिली दहा मिनिटं नुसता जीव खालीवर होतो.

आणि ते पासवर्ड! अख्ख्या वस्तीची खाती एकाच माणसाच्या ईमेलवर उघडलेली. ओटीपी आला की त्याला सांगायचा. तो प्रामाणिक असेलही. पण ओटीपी मागेल त्याला द्यायचा असतो, ही सवय आपणच लावली. उद्या भामट्याचा फोन आला की तीच सवय घात करते. पहिल्या तासाला दुसरं काही शिकवू नका, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही एवढंच शिकवा.

शिबिर संपतं, प्रमाणपत्रं वाटली जातात, फोटो निघतो. मग एक दिवस ॲप अपडेट होतं आणि ओळखीचं बटण जागेवर नसतं. आता विचारायचं कुणाला? म्हणून शिबिराचा पैसा गावातच राहणाऱ्या एका माणसाच्या मानधनाला द्या. ठरलेल्या वेळी बसणारा, तोच प्रश्न चौथ्यांदा आला तरी न वैतागणारा. शक्यतो बाई असावी. घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असतो, ही अडचण तिला समजावून सांगावी लागत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर पोहोच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४च्या अंदाजानुसार जगात शहरांतले ८३ टक्के लोक इंटरनेट वापरतात, ग्रामीण भागात ४८. टॉवरचा खर्च तेवढाच, ग्राहक मात्र विखुरलेले. त्यात डोंगर आडवा आला की रेंज गेली. कंपनीचा हिशेब जुळत नाही, तिथे लोकांनी स्वतः काम केलंय. नेपाळमध्ये नांगी गावचे शिक्षक महावीर पुन यांनी डोंगरमाथ्यांवर रिले, म्हणजे सिग्नल पुढे पोहोचवणारी केंद्रं, उभारून वायरलेस जाळं खेड्यांत नेलं. २००७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इंग्लंडमध्ये लँकशर परगण्यात शेतकऱ्यांनी आपल्या शेतांतून फुकट वाट दिली आणि फायबरसाठी चर खणले. फायबरच्या खर्चात खोदकामच जड असतं, तेच त्यांनी अंगावर घेतलं. स्पेनच्या कातालोनिया प्रांतातलं ‘गीफी’ हे सामुदायिक जाळंही २००४ साली ग्रामीण भागातच सुरू झालं.

या जाळ्यांत माझी मूळ गोष्टच दिसते. केबल जिनं पुरली, अँटेना ज्यानं चढवला, ती माणसं शेजारीच राहतात; बिघाड झाला की हाक मारता येते. म्हणून योजना लिहिणाऱ्यांनी उपकरणांच्या यादीआधी दोन रकमा मांडाव्यात : देखभालीची आणि त्या बसणाऱ्या बाईच्या मानधनाची. उपग्रहावरच्या इंटरनेटचं राहिलं, ते प्रश्नोत्तरांत विचारा.