पाच ग्लायडर, दोन पूल

(दृश्य: जुना पूल, जवळून. रंगाखाली दिसणारे रिव्हेट.)

हा पूल आता गवतावर उभा आहे. १९३४ पासून साठ वर्षं तो फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या बेनूव्हिल गावात, काँ शहरातून समुद्राकडे जाणाऱ्या कालव्यावर होता. वर दिसतंय ते लोखंडी धूड म्हणजे प्रतिभार. जहाज आलं की ते खाली झुकायचं आणि समोरचा रस्ता वर उचलला जायचा.

(दृश्य: नकाशा.)

इथे कालवा, आणि पूर्वेला अर्ध्या किलोमीटरवर ऑर्न नदी. दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४ ला ब्रिटिश छत्रीधारी सैनिक नदीपलीकडे उतरणार होते आणि समुद्रातून येणारं सैन्य अलीकडे. दोघांना जोडणारा रस्ता या दोन पुलांवरून जात होता. म्हणून दोन्ही पूल धडधाकट हवे होते, आणि जर्मनांनी तिथे सुरुंगाची तयारी केलेली असणार हे गृहीत होतं.

काम मिळालं मेजर जॉन हॉवर्डला. वय ३१. पिंपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा, साधा शिपाई म्हणून भरती झालेला, मधल्या काळात ऑक्सफर्डमध्ये पोलीस. हाताखाली ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फंट्रीची डी कंपनी, जोडीला बी कंपनीच्या दोन प्लाटून, म्हणजे तुकड्या, आणि ३० सॅपर, म्हणजे सुरुंगांचं काम जाणणारे लष्करी अभियंते.

(दृश्य: होर्सा ग्लायडरची प्रतिकृती, आतून.)

पॅराशूटने उतरलेले सैनिक विखुरतात, त्यांना गोळा करण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात पूल उडतो. ग्लायडर मात्र अख्खी प्लाटून एका जागी आणून टाकतो. हा होर्सा जवळजवळ सगळा लाकडाचा, मुख्यतः प्लायवूडचा. आत २८ माणसं, बाकांवर समोरासमोर. इंजिन नाही, त्यामुळे फेरी चुकली तर दुसरी नाही. वजन वाढलं की उतरतानाचा वेग वाढतो, म्हणून आयत्या वेळी सामानही कमी करावं लागलं.

हॉवर्डचं खरं डोकं दिसतं ते सरावात. कुठला ग्लायडर आधी उतरेल, कुठला भरकटेल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यामुळे प्रत्येक प्लाटूनने प्रत्येक काम घोटलं: पिलबॉक्समध्ये, म्हणजे काँक्रीटच्या बंदिस्त मोर्च्यात, बाँब टाकणं, पूल ओलांडणं, खंदक साफ करणं. इंग्लंडमधल्या एक्सेटरजवळ नदी आणि कालव्यावरचे असेच शेजारशेजारचे पूल शोधून तिथे दिवसा आणि रात्री तालमी झाल्या. हवाई छायाचित्रांत नवीन काही दिसलं की पुलांच्या परिसराच्या लहान नमुन्यातही ते बदलायचं. याला कुणी शौर्य म्हणत नाही, पण पूल हाती आला तो या घोटण्यामुळे.

(दृश्य: रात्र, ढगांमागे चंद्र.)

५ जूनच्या रात्री अकराच्या सुमारास टॅरंट रश्टन तळावरून हॅलिफॅक्स बाँबर विमानांनी सहा ग्लायडर ओढत नेले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोर सुटले. पुढचा प्रवास घड्याळ आणि होकायंत्रावर: इतकी सेकंदं सरळ, मग वळण.

बारा वाजून सोळा मिनिटांनी जिम वॉलवर्कने पहिला ग्लायडर पुलापासून पन्नास मीटरच्या आत आदळवला. तो आणि सहवैमानिक काच फोडून बाहेर फेकले गेले. हॉवर्डचं डोकं छताला लागून हेल्मेट डोळ्यांवर बसलं; क्षणभर त्याला वाटलं, दृष्टीच गेली.

(दृश्य: पुलाच्या कठड्यालगत कॅमेरा चालतो.)

आधी पिलबॉक्स, कारण सुरुंगाची कळ तिथे असावी असा अंदाज होता. मग लेफ्टनंट डेन ब्रदरिज प्लाटून घेऊन पुलावरून धावला आणि मानेत गोळी लागून पलीकडे कोसळला. सॅपर पुलाखाली शिरले. सुरुंगाच्या जागा रिकाम्या! स्फोटकं जवळच्या खोपटात पडून होती. नदीवरचा पूलही हाती आला. तिकडचा एक ग्लायडर मात्र भलत्याच नदीच्या, दीवच्या, पुलाशी जाऊन उतरला. रेडिओ सांभाळणारा टॅपेनडेन ‘हॅम अँड जॅम’ म्हणत राहिला. हा पूल हाती आल्याचा सांकेतिक निरोप: हॅम म्हणजे कालवा, जॅम म्हणजे नदी.

(दृश्य: पियाट, टेबलावर.)

हे साडेचौदा किलोचं पियाट, खांद्यावरून डागायचं रणगाडाविरोधी शस्त्र. आतली स्प्रिंग ताणायला अंगातला सगळा जोर लागतो, आणि रणगाड्यावर नेम धरायचा तर तो पन्नास मीटरच्या आत येऊ द्यावा लागतो. जर्मन वाहनं पुलाकडे येऊ लागली तेव्हा सार्जंट थॉर्नटन पुलाजवळच्या चौकात तसाच दबा धरून बसला. पुढचं चिलखती वाहन पेटलं, आतला दारूगोळा बराच वेळ फुटत राहिला आणि मागची वाहनं परतली. रात्रीच सातव्या पॅराशूट बटालियनची कुमक पोहोचली, दुपारी लॉर्ड लोव्हॅटचे कमांडो.

हॉवर्डला डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. कंपनी सप्टेंबरपर्यंत आघाडीवर राहिली आणि परतताना मूळच्या माणसांतले सुमारे ४० उरले. नोव्हेंबरमध्ये मोटार अपघातात हॉवर्ड जायबंदी झाला; पुन्हा लढाईवर गेला नाही.

(दृश्य: कालव्याकाठचं कुरण.)

ग्लायडर जिथे थांबले तिथे हे तीन दगड. तिसऱ्या ग्लायडरमधला लान्स कॉर्पोरल ग्रीनहाल्घ इथल्या तळ्यात बुडाला. ब्रदरिजची कबर नदीपलीकडे, रानव्हिलच्या चर्चच्या आवारात आहे.