काळा भुंगा आणि भरताचं वांगं

नमस्कार मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माझ्या शेतकरी बंधू-भगिनींनो, आज बोलायचं आहे ते आपल्या आढ्याभोवती, गोठ्याच्या वाशांभोवती घरघरत फिरणाऱ्या मोठ्या काळ्या भुंग्याबद्दल. तो दिसला की घरात कुणीतरी झाडू उचलतं. दोन-तीन मिनिटं तो झाडू खाली ठेवा, एवढीच विनंती.

हा भुंगा म्हणजे मधमाशीचीच एक जात. याला सुतार भुंगा म्हणतात, शास्त्रातलं नाव झायलोकोपा. अंगानं जाडजूड, मोठ्या जातीत तीन सेंटिमीटरपर्यंत भरतो. पोट गुळगुळीत, चकचकीत काळं. पंखांवर ऊन पडलं की निळी-जांभळी झाक मारते. आग्या मोहोळाची माशी याच्यापुढे सडपातळ आणि तपकिरी दिसते, गांधीलमाशीची कंबर बारीक असते, आणि नारळ पोखरणारा गेंडा भुंगा तर ढालीसारख्या टणक पंखांचा किडा, त्याचं कूळच निराळं. घोटाळा होतो तो आणखी एका जातीत. तिची मादी काळी, पण छातीवर पिवळी लव असते, आणि नर अंगभर पिवळसर. लोकांना ते दोन वेगळे प्राणी वाटतात, पण जोडपं एकच. ही जात उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तानातून आपल्यापर्यंत पसरलेली, म्हणजे कोरड्या मुलखाला सरावलेली. सगळ्यांत दांडगी, निळ्या-हिरव्या पंखांची 'लॅटिपस' भारतापासून थेट आग्नेय आशियापर्यंत सापडते. आणि भीमाशंकरच्या जंगलात अशी एक जात अभ्यासली गेली आहे, जी रात्री फुलं हुडकते, अगदी अमावास्येच्या काळोखातसुद्धा!

अंगावर धावून येणारा, तोंडासमोर हवेत थांबून रोखून बघणारा जो असतो, तो बहुधा नर. आपला टापू राखत असतो. त्याला नांगीच नसते. नांगी मादीला असते, पण मुठीत दाबल्याशिवाय किंवा बिळाशी छेडल्याशिवाय ती सहसा डंख करत नाही. लेकरांना हे नक्की सांगा.

याला पोळं नाही, राणी नाही, कामकरी माश्या नाहीत. प्रत्येक मादी आपलं घर आपण कोरते. वाळलेलं लाकूड, बांबू, जुना वासा. जबड्यानं कुरतडून साधारण दीड सेंटिमीटरचं अगदी गोल भोक पाडते, आत शिरून लाकडाच्या रेषेनं वळते आणि बोगदा लांबवते. खाली जमिनीवर भुसा पडलेला दिसतो. वाळवीसारखं ती लाकूड खात नाही, नुसतं कोरून बाहेर टाकते. मग आतल्या टोकाला पराग आणि मध कालवून एक गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि भुशाचाच पडदा लावून खोली बंद करते. पुन्हा गोळा, पुन्हा अंडं, पुन्हा पडदा. कीटकांच्या जगात एवढी मोठी अंडी फार थोड्यांची असतात, आणि म्हणूनच ती थोडी. एका बिळात पिल्लं बहुतेक वेळा दहाच्या आतच. पिल्लं मोठी झाली तरी काही दिवस आत राहतात आणि आई त्यांना खाऊ घालते.

पोळ्यातली राणी दिवसाला शेकड्यांनी अंडी घालते. इथे सगळा हंगाम खर्चून पाच-सात जीव. त्या भोकात रॉकेल ओतलं किंवा सिमेंट भरलं, तर एका मादीची वर्षाची कमाई गेली. ती भरून यायला वेळ लागतो, आणि त्याचा तोटा मळ्यात होतो.

कसा, ते वांग्याच्या फुलापाशी बघा. आपल्या जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या फुलातले पिवळे परागकोश म्हणजे बंद नळ्या, टोकाला फक्त बारीक छिद्र. पेटीतल्या मधमाशीला ते नीट उघडता येत नाहीत. भुंग्याची मादी फुलाला बिलगते, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते. घरघर एकदम वरच्या पट्टीत जाते आणि छिद्रांतून पराग तिच्या पोटावर उडतात. सकाळी वांग्यात उभे राहिलात तर हा बदललेला आवाज कानाला कळतो. वांगं आपल्या परागावरही धरतं, हे खरं, पण भुंगा येऊन गेलेल्या फुलांत फळं चांगली धरतात. बहाव्याला हाच प्रकार चालतो. तुरीच्या फुलात पराग खालच्या मिटल्या पाकळ्यांत दडलेले असतात, अंगानं भारी माशी बसली की पाकळ्या दबून ते बाहेर येतात. शेवग्याच्या फुलावर तर हेच भुंगे मुख्य पाहुणे, आणि बांधावरच्या रुईलाही यांचाच आधार. लांब नळीच्या फुलाला मात्र ते कधी बाजूनं चीर पाडून मध पळवतात, हेही सांगायला हवं.

कोरडं लाकूड पोखरणारा भ्रमर आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकत आलो. धाब्याच्या घरांत त्याला जागाही भरपूर होती. आता स्लॅब आले, बांधावरची वठलेली झाडं सरपणाला गेली. मग तो उरलेल्या वाशाकडेच येणार.

तुमचं आढं वाचवायचं असेल तर त्याला रंग किंवा तेलाचा हात द्या. रंगवलेलं लाकूड मादी शक्यतो टाळते. पण त्याच वेळी मळ्यात, उन्हापावसापासून आडोशाला, पांगाऱ्याचा किंवा शेवग्याचा हातभर वाळका ओंडका किंवा जाड बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवा. फुलोऱ्यात फवारणी करावीच लागली, तर भुंगे परतल्यावर, दिवस मावळताना करा. आणि ओंडक्याखाली ताजा भुसा दिसला, तर तो ओंडका पुढची दोन-तीन वर्षं जागचा हलवू नका, कारण जुन्या बिळात त्याच कुळातल्या माद्या पुन्हा येतात.

नमस्कार.